करंजी भाऊबीजेपर्यंत कुरकुरीत का राहत नाही? गोड फराळ बिघडतो तेव्हा नेमका दोष कसा शोधायचा

ताजी करंजी मोडली की आवाज येतो. पारी तडकते, सारणाचे चार कण ताटलीत सांडतात. तीच करंजी चार-पाच दिवसांनी मोडायला गेलं तर नुसती वाकते आणि चावताना वातड लागते. त्याच सुमारास रव्याच्या लाडवांच्या डब्यातून दमट वास यायला लागतो. दर दिवाळीला हेच होतं, आणि दर दिवाळीला दोष डब्याला जातो.

मीही दिला. तीन वर्षांत तीन तऱ्हेचे डबे घेतले. रबरी कडीचे, चारही बाजूंनी खटका लागणारे, जाड काचेचे. काही फरक पडला नाही. माझी नणंद नागपूरला असते. सासूबाईंनी आम्हा दोघींना एकच माप शिकवलं, आणि ती अजून बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात करंज्या भरते. तिच्या करंज्या पंधरा दिवस जशाच्या तशा राहतात. डोंबिवलीत माझ्या पाच दिवसांत बसतात. मग माप सोडून बाकीच्या गोष्टी मी एकेक करून तपासायला घेतल्या. त्यातून जे हाती लागलं ते लिहिते आहे.

चांगला डबा बाहेरची ओल आत येऊ देत नाही, हे खरंच. पण आत कोंडलेली ओलही तो बाहेर जाऊ देत नाही. आणि बहुतेक वेळा ओल आपणच आत भरलेली असते. म्हणून डबा बदलण्याआधी ती कुठून आली ते शोधायला हवं.

आधी बिघाड ओळखा

"फराळ खराब झाला" या एका वाक्यात तीन वेगवेगळे बिघाड असतात. पदार्थ मऊ पडतो, त्याला बुरशी येते किंवा तो आंबतो, नाहीतर खवट होतो. पहिल्या दोन्हींच्या मुळाशी पाणी आहे. तिसऱ्याच्या मुळाशी हवा, उजेड आणि जुनं तूप-तेल. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. खवट लाडू फ्रीजमध्ये ठेवून गोड होत नाहीत, आणि मऊ पडलेल्या करंज्या तुपात केल्या होत्या की तेलात, यानं फारसा फरक पडत नाही.

करंजी मऊ पडली असेल तर तिची कड आणि पोट वेगवेगळं दाबून बघा. मुरड कडक आहे, पण सारण टेकतं तिथली पारी लिबलिबीत झाली आहे, तर ओल आतून आली. मुरडही तितकीच मऊ आहे, सगळी करंजी सारखीच सैल पडली आहे, तर ती सादळली, म्हणजे ओल हवेतून आली.

याची खात्री करून घ्यायला मी साक्षीदार ठेवते. करंज्या तळून झाल्या की त्याच पिठाची एक छोटी पुरी, सारण न भरता, टोचे मारून तळायची आणि तशाच दुसऱ्या छोट्या डब्यात ठेवायची. पाचव्या दिवशी पुरी कुरकुरीत आणि करंजी मऊ, तर सारणात ओल होती. दोन्ही मऊ, तर हवा किंवा झाकण. माझ्या घरी पहिल्या वर्षी पुरी खणखणीत निघाली. तोवर मी मुंबईच्या दमट हवेला बोल लावत होते!

ओल आतून येते तेव्हा

ओल्या नारळात जवळजवळ निम्मं पाणी असतं. चांगल्या वाळलेल्या खोबऱ्यात ते शंभरात सहा-सात भाग इतकंच उरतं. म्हणून ओल्या नारळाची करंजी त्या दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी खायची. ती टिकवण्याची धडपड करू नये, कारण तिची चवच ताजेपणात आहे. टिकवायची करंजी सुक्या खोबऱ्याची.

पण सुकं खोबरंसुद्धा किसून तसंच घालून चालत नाही. मंद आचेवर ते हलकं बदामी होईपर्यंत भाजायचं. रवा भाजताना पाच मिनिटांत वास सुटला म्हणून गॅस बंद करू नये. हाताला तो मोकळा, वाळूसारखा लागला पाहिजे. खसखस, तीळ, सुका मेवा, ज्याला ज्याला आच दाखवता येईल ते सगळं भाजून घ्यायचं. मग हे परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्यायचं आणि शेवटी पिठीसाखर मिसळायची. माझी मोठी चूक इथे होती. घाईत कोमट सारणातच साखर घालायचे. साखर ओल धरून ठेवते. सारणाचा गोळा वळला जातोय, हे मला तेव्हा चांगलं लक्षण वाटायचं. टिकाऊ करंजीचं सारण चमच्यातून सुटं पडलं पाहिजे.

दुसरी जागा तळणीची. मोठ्या आचेवर करंजी दोन मिनिटांत रंग धरते. वरून तांबूस, पण पारीच्या आतल्या थरात पिठाचं पाणी तसंच. ते पुढच्या दोन दिवसांत हळूहळू सगळ्या पारीत पसरतं आणि करंजी बसते. कढईत करंजीभोवती जे बुडबुडे येतात ती पाण्याची वाफ असते. रंगाकडे बघू नका, बुडबुड्यांकडे बघा. मध्यम-मंद आचेवर ठेवली की आधी भरभरून बुडबुडे येतात, मग बारीक होतात, मग करंजीच्या कडेला चार-दोन उरतात. तेव्हा झाऱ्यानं काढायची. एका घाण्याला सहा-सात मिनिटं लागतात. शंभर करंज्या करायच्या असतील तर हा वेळ जड जातो, मला मान्य आहे. पण पाचव्या दिवसाची करंजी इथेच ठरते.

ओल हवेतून येते तेव्हा

तळून काढलेली करंजी तासाभरात हाताला गार लागते, पण सारण आत कोमटच असतं. अशा वेळी डबा भरला की रात्रीतून झाकणाला आतून दव धरतं आणि ते थेंब वरच्या थरावर पडतात. उलट, गार होऊ देत म्हणून रात्रभर परात उघडी ठेवली तर किनारपट्टीच्या हवेत सकाळपर्यंत करंज्या सादळलेल्या असतात. मी दोन्ही चुका केल्या आहेत. आता दुपारी तळते. करंज्या एकावर एक न रचता मोठ्या परातींत आणि चाळण्यांवर पसरते, वर पातळ पंचा आणि पंखा. तीन-चार तासांनी एक करंजी मोडून सारणाला बोट लावते. ते गार असेल तरच डबे भरायचे, आणि ते त्याच दिवशी, दिवेलागणीच्या आत.

तेल टिपायला वर्तमानपत्र घालायची सवय असेल तर ती सोडा. छपाईची शाई तेलकट पदार्थाला लागते. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१६ मध्ये याबद्दल देशभर सूचना काढली होती. चाळणीवर तेल चांगलं निथळतं. फार तर कोरा टिपकागद घ्यावा.

डबे भरल्यावर दोन तासांनी झाकण उचलून आतून बोट फिरवायचं. बोट कोरडं आलं तर प्रश्न नाही. किंचित ओलसर लागलं तर तो अख्खा डबा पुन्हा परातीत ओतायचा, झाकण पुसून कोरडं करायचं आणि तासाभरानं परत भरायचा. एवढी एक सवय लावून घेतली तरी निम्मे बिघाड टळतात.

आणि एकच मोठा डबा भरू नये. आलं-गेलं की उघडला, मुलांनी उघडला, देवाला दाखवायला उघडला, असं करत दिवसातून पंधरा वेळा बाहेरची हवा आत जाते. मी तीन-चार साठवणीचे छोटे डबे काठोकाठ भरते आणि रोजचा एक वेगळा ठेवते. तो संपला की पुढचा उघडायचा.

एका डब्यात दोन तऱ्हेचे पदार्थ तर मुळीच ठेवायचे नाहीत. लाडू आणि चकल्या एकत्र ठेवल्या तर लाडवातली ओल चकलीत जाते. लाडू कोरडे आणि चकली मऊ, दोघांचंही नुकसान. शंकरपाळ्यांच्या डब्यात चिवड्याची पुडी ठेवली तर शंकरपाळ्यांना लसणाचा वास लागतो, तो वेगळाच.

२०१९ च्या दिवाळीत मात्र माझे हात टेकले. लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला होतं आणि त्याच सुमारास अरबी समुद्रात क्यार चक्रीवादळ होतं. कोकणात ऐन दिवाळीत पाऊस लागला होता, आमच्याकडेही भिंतींना ओल धरल्यासारखी हवा होती. सगळं नीट करूनही करंज्या सादळल्या. अशा वेळी ओव्हनचा उपयोग होतो. १०० ते ११० अंशांवर करंज्या एका थरात आठ-दहा मिनिटं ठेवायच्या, बाहेर काढून पूर्ण गार करायच्या आणि लगेच डब्यात भरायच्या. सादळलेली करंजी यानं पुन्हा कुरकुरीत होते. सारणाच्या ओलीनं मऊ पडलेली होते, पण दोन दिवसांत परत बसते. मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. आतली वाफ पारीत शिरून ती आणखी वातड होते.

रव्याचा लाडू, आणि वरच्या थरावरची बुरशी

मोरांबा चांगला ओला असतो, तरी वर्षभर टिकतो. कारण पाण्यापेक्षा साखर इतकी जास्त की तिनं सगळं पाणी धरून ठेवलेलं असतं. बुरशीला लागतं ते मोकळं पाणी. रव्याच्या लाडवात साखर मोरांब्याइतकी नसते, आणि ओला नारळ घातला की मोकळं पाणी भरपूर. पाक कच्चा राहिला तर त्यात आणखी भर.

बुरशी कुठे धरते ते नीट पाहिलं तर कारण कळतं. माझ्या डब्यात ती नेहमी वरच्या थरावर किंवा डब्याच्या भिंतीला टेकलेल्या लाडवांवर यायची, मधले लाडू स्वच्छ. झाकणावरून आणि भिंतीवरून ओघळलेला थेंब ज्या ठिकाणी पडतो तिथली साखर पातळ होते, आणि तेवढ्या जागेत बुरशी धरते. पांढरट लव, मग हिरवट ठिपका. ठिपका खरवडून बाकीचा लाडू खायचा मोह होतो, पण बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्यापेक्षा आत गेलेले असतात. तो लाडू टाकायचा, त्याला टेकलेलेही टाकायचे.

आठ दिवस टिकायला हवे असतील तर नारळ सुका घ्या. ओला नारळच हवा असेल तर तो रव्याबरोबर तुपावर इतका परता की कालथ्याला चिकटणं बंद होऊन सुटा होईल. पाक एकतारी पक्का करा. दोन बोटांत धरून हळूच ताणल्यावर तार तुटता कामा नये. लाडू वळताना मिश्रण आवळलं म्हणून पाण्याचा हात लावायचा नाही. गरम तुपाचा चमचा घाला. वळून झाल्यावर ताटात उघडे चार तास ठेवा, मग भरा. ओल्या नारळाचे लाडू मी इतकं करूनही तिसऱ्या दिवसानंतर फ्रीजमध्येच ठेवते.

नारळाच्या वड्यांचं गणितही हेच. त्यांत दूध किंवा साय घातली असेल तर बुरशीच्याही आधी आंबूस वास येतो, म्हणून दुधाच्या वड्या पहिल्या दिवसापासून फ्रीजमध्ये.

बेसनाचा लाडू खवट होतो तेव्हा

बेसनाच्या लाडवात पाणी जवळजवळ नसतंच. बेसन, तूप, पिठीसाखर. तीन आठवडे सहज टिकायला हवा. तो पाण्यानं बिघडत असेल तर एकाच जागी पाहा, हबक्याकडे. बेसन भाजून झाल्यावर दाणेदार व्हावं म्हणून दुधाचा हबका मारतात. मिश्रण फसफसून वर येतं, ते दूध आटायला लागतं. फसफस संपल्यावरही तीन-चार मिनिटं परतत राहायला हवं. अनेकजणी लगेच उतरवतात आणि दुधाची ओल लाडवात राहते.

पण जास्त तक्रार असते ती वासाची. जिभेवर मागून येणारी जुन्या तेलासारखी चव. तूप आधी तपासा. घरचं लोणी कढवताना पाणी उडेपर्यंत तडतड ऐकू येते. ती पूर्ण थांबून बेरी तांबूस झाली की तूप तयार. घाईनं उतरवलेल्या तुपात पाणी आणि दुधाचा अंश राहतो, ते दोन-तीन आठवड्यांतच वास मारतं. लाडवात गेल्यावर वेलची-जायफळानं तो वास पहिले चार दिवस झाकला जातो, एवढंच.

मग सुका मेवा. अक्रोड, काजू, चारोळी हे सगळं घालण्याआधी एकेक दाणा चावून बघायचा. पुडीतला एक अक्रोड खवट निघाला तर बाकीचेही त्याच वाटेवर असतात. खोबऱ्याच्या वाटीला आतून पिवळसर डाग असतील आणि चव साबणासारखी लागत असेल तर ती वाटी सारणात नको. ती चव भाजून जात नाही.

शंकरपाळे आठवड्यात खवट झाले तर तळणीचं तेल जुनं होतं. आधी चकल्या, मग कडबोळी, मग चिवड्याचे पोहे आणि उरलेल्या तेलात शंकरपाळे, असा क्रम पुष्कळ घरांत असतो. तो उलटा करावा. ताज्या तेलात आधी गोड, मग तिखट. सूर्यफुलाच्या तेलापेक्षा शेंगदाण्याच्या तेलात किंवा तुपात तळलेले पदार्थ खवट व्हायला जास्त दिवस लागतात.

जागाही महत्त्वाची. गॅसच्या वरची फळी ही फराळासाठी घरातली सगळ्यांत वाईट जागा, कारण तिथे ऊब आणि वाफ दोन्ही. काचेची बरणी खिडकीत सुंदर दिसते, पण उजेडानं तूप लवकर खवट होतं. कपाटात ठेवा. आजीचा पितळी डबा वापरायचा असेल तर आतली कल्हई शाबूत आहे ना ते पाहा. उघड्या पितळेला तूप लागलं की ते झपाट्यानं खवट होतं, चवही कळकते.

फ्रीज कशाला, कशाला नाही

उकडीचे मोदक फ्रीजमध्ये ठेवले की दुसऱ्या दिवशी पारी रबरासारखी कडक होते. त्यात पाणी कमी झालेलं नसतं. तांदळाच्या उकडीतलं शिजलेलं पिष्ट थंडीत पुन्हा आवळून बसतं, आणि ही क्रिया सगळ्यांत वेगानं फ्रीजच्याच तापमानाला होते. पण भाद्रपदातल्या उकाड्यात ओल्या नारळाचे मोदक रात्रभर बाहेर ठेवणंही धोक्याचं. म्हणून उरले तर फ्रीजमध्ये ठेवायचे आणि खाताना ओल्या फडक्यात गुंडाळून सात-आठ मिनिटं पुन्हा वाफ द्यायची. उकड परत मऊ होते. आदल्या दिवशी तयारी करायची असेल तर फक्त सारण करून ठेवा. उकड त्या दिवशीच काढा.

पुरणपोळीचंही असंच. भाजलेली पोळी फ्रीजमध्ये वातड होते. पुरण मात्र घट्ट शिजवून, छोट्या डब्यांत घालून फ्रीजरमध्ये महिनाभर उत्तम राहतं.

कुरकुरीत काहीही फ्रीजमध्ये ठेवू नये. आणि फ्रीजरमधून डबा काढल्यावर लगेच उघडू नये. थंडगार पदार्थाला बाहेरची हवा लागली की त्यावर दव धरतं आणि इतका वेळ जपलेलं सगळं पाच मिनिटांत ओलं होतं. डबा बंदच ठेवून दोन तास ओट्यावर राहू द्यायचा, बाहेरून पूर्ण कोरडा दिसला की मगच उघडायचा.

मुलांना परगावी किंवा परदेशी फराळ पाठवणाऱ्यांसाठी एवढंच, की बेसनाचे लाडू, शंकरपाळे आणि चकल्या पाठवा. रव्या-नारळाचे लाडू पाठवू नका, कितीही मागितले तरी. खोकं चार दिवसांऐवजी दोन आठवड्यांनी पोचलं तर उघडल्यावर पोरांना काय दिसेल त्याचा विचार करा. लाडू एकेक करून लोणी-कागदात गुंडाळायचे, डबा काठोकाठ भरायचा, मोकळी जागा त्याच कागदानं दाबून बंद करायची.

१ ऑक्टोबर २०२० पासून मिठाईच्या दुकानांना सुट्या मिठाईवरसुद्धा 'या तारखेपूर्वी खावे' असं लिहिणं बंधनकारक झालं. ते वाचल्यावर मी घरच्या डब्यांवरही चिठ्ठ्या चिकटवायला लागले. गेल्या दिवाळीतली एक अजून कपाटाच्या दाराला आहे. "रवा-नारळ. धनत्रयोदशीला केले. पाक जरा सैल. पाडव्यापर्यंत बाहेर, मग फ्रीज." तिच्याखाली नंतर पेनानं लिहिलेलं, "भाऊबीजेला संपले. वास नाही."